‘ख्रिस्तवासी’ आणि ‘उठणे’ : मराठी ख्रिस्ती भाषेतील पुनरुत्थानाच्या आशेचा विचार

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत एक शब्दकुल रूढ आहे. हिंदू मृत व्यक्ती ‘कैलासवासी’ किंवा ‘वैकुंठवासी’, मुसलमान ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती ‘ख्रिस्तवासी’. पहिल्या दोन शब्दांचा साचा पुढील दोहोंनी उचलला हे उघड आहे. कैलास आणि वैकुंठ ही स्थळे होत. तेथे वास करणारा तो कैलासवासी अथवा वैकुंठवासी. परंतु पैगंबर आणि ख्रिस्त ही स्थळे नव्हेत, व्यक्ती होत. ‘वासी’ ह्या उत्तरपदाला मराठीत स्वभावतः स्थळवाचक पूर्वपद लागते : वनवासी, ग्रामवासी, नगरवासी. तेव्हा साचा उचलताना व्यक्तीचे स्थळ करावे लागले. मुसलमान समाज स्वतः ‘मरहूम’ म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर दया झाली तो. ‘पैगंबरवासी’ ही त्याच्या धर्मविचारातून निघालेली घडण नव्हे, मराठी लेखणीने त्याच्यासाठी परस्पर केलेली सोय होय. ‘ख्रिस्तवासी’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘ख्रिस्तामध्ये असणे’ हा पौलाच्या पत्रांतील अत्यंत लाडका प्रयोग आहे, आणि तेथेही व्यक्ती हेच स्थळ झालेले आहे. अनुकरणातून जन्मलेला हा शब्द अशा रीतीने अभावितपणे एका मूळ ख्रिस्ती प्रयोगाच्या जवळ येऊन ठेपतो.

त्याच निधनवार्तेत पुष्कळदा दुसरे वाक्य असते : अमुक अमुक ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’. दोन्ही शब्द एकाच माणसाविषयी वापरले जातात आणि त्यांत काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः ती आहे. वासी हा पोहोचलेला असतो. त्याचा प्रवास संपलेला आहे. निद्रिस्त हा वाटेत आहे. त्याचे उठणे अद्याप व्हावयाचे आहे. पहिला शब्द शोक करणाऱ्याला सांगतो की, गेलेला माणूस आपल्या घरी गेला. दुसरा सांगतो की, तो अजून जागा व्हावयाचा आहे, आणि मागे राहिलेल्यांनी व त्याने मिळून एकाच सकाळची वाट पाहावयाची आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत ह्या दोन आशा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांपैकी कोणती आशा भाषेने सहज पेलली आणि कोणती तिला कष्टाने पेलावी लागली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा भेद मराठीपुरता नाही. ऑस्कर कुलमान ह्या नव्या कराराच्या अभ्यासकाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाचा विषय नेमका हाच होता : आत्म्याचे अमरत्व की मृतांचे पुनरुत्थान? ग्रीक तत्त्वज्ञानाकडून आलेली अमरत्वाची कल्पना आणि नव्या करारातील पुनरुत्थानाची कल्पना ह्या एक नव्हेत, हे त्याचे प्रतिपादन पुष्कळ ख्रिस्ती वाचकांना रुचले नाही. त्याने भेद अंमळ जास्तच ताणला, हेही खरे. लूकाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरील चोराला त्याच दिवशीचे आश्वासन मिळते. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल देह सोडून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ बोलून दाखवतो. म्हणजे ‘ख्रिस्तवासी’ ह्या शब्दालाही शास्त्राधार आहे. प्रश्न आधाराचा नसून वजनाचा आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात सगळे वजन उठण्यावर आहे. करिंथच्या मंडळीत मृतांचे पुनरुत्थान नाही असे म्हणणारे काही लोक होते आणि त्यांना उत्तर देण्यासाठी तो अध्याय लिहिला गेला. मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही आणि मग विश्वासच फोल, इतक्या टोकाला पौल तेथे युक्तिवाद नेतो.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्रियापदांकडे पाहिले पाहिजे. नव्या करारातील ग्रीकमध्ये ह्या घटनेसाठी मुख्यतः दोन क्रियापदे आहेत. ‘एगेइरो’ म्हणजे जागे करणे, उठवणे. ‘अनिस्तेमी’ म्हणजे उभे करणे, उभे राहणे. ‘अनास्तासिस’ हे नाम दुसऱ्या क्रियापदापासून झालेले आहे. दोन्ही क्रियापदे रोजच्या व्यवहारातली. पहिले झोपलेल्या माणसाविषयी वापरायचे, दुसरे बसलेल्या वा आडव्या माणसाविषयी. ह्या दोन अर्थच्छटांसाठी मराठीला दोन शब्द शोधावे लागत नाहीत. ‘उठणे’ हे एकच क्रियापद दोन्ही वाहते. ‘मी पहाटे पाचला उठतो’ ह्या वाक्यात उठणे म्हणजे जागे होणे. ‘पाहुणे आले तसा तो उठला’ ह्या वाक्यात उठणे म्हणजे उभे राहणे. त्याच्या पलीकडे आणखी एक अर्थ मराठीने स्वतःहून जोडलेला आहे : ‘दोन महिन्यांनी तो दुखण्यातून उठला.’ बरे होणे आणि उठणे हे मराठीत एकच. शुभवर्तमानांत पक्षाघाती मनुष्याला उठण्याची आज्ञा ज्या क्रियापदाने होते, त्याच क्रियापदाने पुढे रिकाम्या कबरेपाशी वार्ता सांगितली जाते. ग्रीक वाचकाला जो धागा दिसावा तो मराठी वाचकाला आयताच हाती येतो.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची कथा आहे. येशूने तिला हाक मारली तेव्हाचे अरामी शब्द मार्काने ग्रीक मजकुरात जसेच्या तसे ठेवले आणि मग त्यांचा अर्थ दिला. मराठी भाषांतरात त्या ठिकाणी जे क्रियापद येते, ते घरोघर आई सकाळी मुलाला उठवताना उच्चारते तेच होय. ‘पुनरुत्थित हो’ असे तेथे कोणी लिहिलेले नाही, आणि कोणी लिहिले असते तर ते हास्यास्पद झाले असते. मृत्यूवरील जयाची भाषा आणि बिछान्याशेजारची भाषा एक असणे हा त्या कथेचा प्राण आहे.

‘उठणे’ हे क्रियापद सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नाही. मराठीत बाजार उठतो, पंगत उठते, एखाद्या गोष्टीवरून मन उठते. येथे उठणे म्हणजे संपणे. शिवाय एक व्याकरणिक अडचण आहे. ग्रीकमध्ये ‘एगेइरो’ पुष्कळदा कर्मणी रूपात येते : तो उठवला गेला. कर्ता उच्चारलेला नसतो, पण तो देव आहे हे वाचकाने जाणायचे असते. करिंथकरांस लिहिलेल्या त्या अध्यायात हे कर्मणी रूप पूर्णकाळात पुनःपुन्हा येते. उठवले जाणे एकदा घडले आणि त्याची स्थिती आजही कायम आहे, असा त्याचा ध्वनी आहे. मराठीत ‘उठला’ म्हटले की क्रिया सहज आणि जिवंत होते, पण उठवणारा अदृश्य होतो. ‘उठवला गेला’ म्हटले की उठवणारा सूचित होतो, पण वाक्य कचेरीतल्या कागदासारखे वाटू लागते. ‘गेला’च्या जोडीने येणारा हा कर्मणी प्रयोग मराठीच्या अंगवळणी पडलेला नाही. भाषांतरकारांनी कधी एक, कधी दुसरे रूप स्वीकारले आहे. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘देवाने त्याला उठवले’ हा सरळ कर्ता उच्चारण्याचा मार्ग प्रेषितांच्या कृत्यांतील भाषणांत मूळ ग्रीकनेच दाखवलेला आहे, आणि मराठीत तोच सर्वांत बलवान वाटतो.

ह्या क्रियापदाच्या सोबतीला येणारा विभक्तिप्रत्यय तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मरणातून उठला’ आणि ‘मेलेल्यांतून उठला’ ह्यांत केवढे अंतर आहे! पहिल्यात एक अवस्था मागे टाकली जाते. दुसऱ्यात माणसांच्या घोळक्यातून एक जण उठतो आणि बाकीचे अद्याप तेथेच आहेत. ग्रीक प्रयोग दुसऱ्या प्रकारचा आहे, अनेकवचनी. मराठी बायबलमध्ये ‘मेलेल्यांतून’ हेच रूप रूढ झाले ही मोठी भाग्याची गोष्ट. ‘प्रथमफळ’ हा पौलाचा शब्द त्यावाचून कळत नाही. पहिले कणीस हाती आले म्हणजे शेत उभे आहे. मागाहून बाकीचे यायचे आहे. एका ‘ऊन’ प्रत्ययात पुनरुत्थान ही एकट्याची सुटका नसून समुदायाची वाट आहे, हे बसलेले आहे.

आता नामाकडे वळावे. श्रद्धेच्या अंगीकारात, प्रवचनात आणि सणाच्या नावात जो शब्द ऐकू येतो तो ‘पुनरुत्थान’. तो शुद्ध, भारदस्त आणि अर्थदृष्ट्या ‘अनास्तासिस’च्या जवळचा आहे. तरीही त्याने काही घेतले आणि काही घालवले. ‘पुनर्’ ह्या उपसर्गाची मराठी कानाला पहिली ओळख पुनर्जन्मातून होते. पुन्हा येणे, पुन्हा फेरा, पुन्हा मरणे. ख्रिस्ती कल्पनेत ‘पुन्हा’चा अर्थ आवृत्ती असा नाही; उठलेला ख्रिस्त परत मरत नाही, हे पौलाने रोमकरांस स्पष्टपणे लिहिले आहे. लाजाराला ‘पुन्हा’ लागू पडते, कारण तो उठला आणि यथाकाल मेला असला पाहिजे. त्याच्यासाठी ‘पुनरुज्जीवन’ हाच खरा शब्द. ‘उत्थान’ ह्या उत्तरपदालाही आपला इतिहास आहे. शयनी एकादशीला निजलेला विष्णू प्रबोधिनी एकादशीला उठतो हे महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. ते उत्थान दरवर्षीचे आहे. चक्रगतीने फिरणाऱ्या काळातून शब्द उचलून तो एकदाच घडलेल्या घटनेला लावायचा, म्हणजे वाचकाला चक्र विसरायला शिकवणे आले.

त्याहून मोठी हानी दुसऱ्या बाजूने झाली. विसाव्या शतकात ‘पुनरुत्थान’ हा शब्द राष्ट्राच्या, संस्कृतीच्या, कलेच्या, उद्योगधंद्याच्या संदर्भात सर्रास वापरला गेला. आज तो अग्रलेखाचा शब्द आहे. तो उच्चारताना कोणाच्याही डोळ्यांसमोर शरीर उभे राहत नाही. पाळक व्यासपीठावरून ‘पुनरुत्थानाची आशा’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात नवा उत्साह, नवी उमेद असा काही धूसर अर्थ उमटला तर तो ऐकणाऱ्याचा दोष नव्हे. भावरूप नाम क्रिया गिळते. कोण उठला, कोठून उठला, कोणी उठवले, हे सगळे त्यात विरून जाते. क्रियापदाला कर्ता द्यावाच लागतो.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीने निराळी वाट काढली. तेथे ह्या घटनेला ‘जिवंतपण’ म्हणतात. हे ना उभे राहणे, ना जागे होणे. ही जिवंत असण्याची स्थिती. नाम भाववाचक असूनही घरगुती राहिले, कारण ‘जिवंत’ हा शब्द कोणत्याही पाठशाळेतून आलेला नाही. ‘पण’ प्रत्ययाची ही घडण भाषाशास्त्रदृष्ट्या मोहक आहे : एका क्षणाच्या क्रियेऐवजी कायमचा गुण तिने नोंदवला. उठण्यातली हालचाल तिला गमवावी लागली, हा तिचा तोटा. पण चक्राचा आणि अग्रलेखाचा दुहेरी संसर्ग तिला झाला नाही.

गोव्याचा उल्लेख आला म्हणजे फादर स्टीफन्स ओघानेच येतो. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापले गेले. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि आज त्या तिहींपैकी एकही प्रत उपलब्ध नाही. सल्डान्हा ह्यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती आणि शांताराम बंडेलू ह्यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती हस्तलिखितांवर व पूर्वसंपादनावर उभ्या आहेत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथात स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे घेतला. त्याबद्दल त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. परंतु त्याचा एक परिणाम क्वचितच नोंदवला जातो. मृतांच्या स्थळाचा शब्द मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला पहिल्याच दिवशी तयार मिळाला, पुराणकथेच्या सर्व वैभवासह मिळाला. मृतांच्या उठण्याला असे तयार घर मिळाले नाही. म्हणून ‘ख्रिस्तवासी’कडे जाणारा उतार सतराव्या शतकातच सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरांनी, श्रीरामपूरच्या १८११ च्या नव्या करारापासून पुढे, गद्याची वाट धरली. त्या परंपरेत पंडिता रमाबाईंचे काम सर्वांत धाडसी. त्यांनी संपूर्ण बायबल मूळ भाषांच्या आधारे मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते प्रसिद्ध झाले. संस्कृत विद्येत मुरलेल्या ह्या विदुषीने हिंदू धर्मविचाराशी जखडलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे मराठी लिहिण्याचा हेतू धरला. (संस्थेला मात्र त्यांनी ‘मुक्ती’ हेच नाव दिले, नावापुरती तरी त्यांनी सवलत घेतली.) त्यांची वाक्यरचना मुळाला चिकटून राहण्याच्या हट्टाने जागोजागी ताठरली आणि ते भाषांतर मंडळ्यांच्या वापरात रुजले नाही. तरीही त्यांचे निदान अचूक होते. शब्द आपल्याबरोबर आपले जुने घर घेऊन येतो, हे त्या काळच्या मराठी भाषांतरकारांत त्यांच्याइतके कोणी ओळखले नव्हते.

नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) नेमका उलट मार्ग घेतला. तुकोबांच्या अभंगाची चाल, लय आणि आर्तता त्यांनी ख्रिस्तभक्तीला दिली, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचा कंठ त्यामुळे मोकळा झाला. त्यांच्यावाचून मराठी मंडळ्या आजही परक्या चालींवर अडखळत गात राहिल्या असत्या. तथापि वारकरी भक्तीचा कल सान्निध्याकडे आहे. देव आत्ता, येथे, हृदयात; मीपण गळाले की भेट झाली. टिळकांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्ताशी एकरूप होण्याची तळमळ जितकी आहे, तितकी अखेरच्या दिवशीच्या सामुदायिक उठण्याची वाट पाहणे नाही. हा त्यांच्या श्रद्धेतील उणेपणा म्हणून सांगायचा नाही; छंद आपल्या वाटेने कवीला नेतो, एवढेच. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले, पण कथा फार पुढे जाण्यापूर्वीच ते गेले. उरलेले बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. रिकाम्या कबरेपर्यंतची कथा अशा रीतीने पत्नीच्या वाट्याला आली. अभंगात जे मागे पडले ते सांगण्याचे काम आख्यानावर आले, हे छंदःशास्त्राच्या दृष्टीनेही उचित झाले. अभंग भेट गातो. घटना सांगायला ओवी लागते.

‘आशा’ ह्या शब्दाची कथा ह्याहून बिकट आहे. विश्वास, आशा आणि प्रीती हे ख्रिस्ती सद्‍गुणांचे त्रिकूट मराठी मंडळ्यांत बालपणापासून पाठ होते. परंतु संतवाङ्मयात वाढलेल्या मनाला आशा हा सद्‍गुण नाही. ती तृष्णेची बहीण. ‘आशापाश’ हा समासच तिची जात सांगतो. निराश होणे हे आज वाईट, पण निरिच्छ आणि निराश हे शब्द जुन्या अध्यात्मात कधी काळी स्तुतीचे होते. दुसरीकडे व्यवहारात ‘येईल अशी आशा आहे’ म्हणजे येण्याची खात्री नाही. मूळ ग्रीक ‘एल्पिस’मध्ये ठाम अपेक्षा आहे. एका बाजूला पाश, दुसऱ्या बाजूला अनिश्चितता, अशा कात्रीत हा शब्द सापडतो. नायसियाच्या श्रद्धांगीकारात मृतांच्या पुनरुत्थानाशी जोडलेले क्रियापद ‘वाट पाहणे’ ह्या अर्थाचे आहे, हे येथे स्मरावे. मराठीत ‘वाट पाहणे’ ह्या प्रयोगाला ना पाशाचा कलंक आहे, ना शंकेचा. वाट पाहणाऱ्याला कोण येणार हे ठाऊक असते. विटेवर उभा असलेलाही भक्ताची वाटच पाहत असतो.

निद्रेच्या रूपकालाही हल्ली एक शेजारी भेटला आहे. ‘चिरनिद्रा’ हा शब्द लौकिक काव्यातून निधनवार्तांत आणि थडग्यांच्या लेखांत शिरला. ऐकायला तो ‘महानिद्रे’हून गोड आहे. पण मराठी बायबलमधील महानिद्रा संपणारी आहे, म्हणूनच ती निद्रा; चिरनिद्रा व्याख्येनेच संपत नाही. जी झोप कधी मोडत नाही तिला झोप म्हणण्यात रूपकाचा जीवच जातो. रोमन उपासनेतील ‘सार्वकालिक विश्रांती’शी तिची गफलत होऊ नये, विश्रांती अखंड असू शकते, झोप नाही. ग्रीक भाषेत दफनभूमीला ‘कोइमेतेरिओन’ हा शब्द ख्रिस्ती लोकांनी रूढ केला, त्याचा अर्थ निजण्याची जागा. प्रवाशांच्या निजण्याच्या खोलीलाही तोच शब्द चालत असे. खोलीत रात्र काढणारा सकाळी उठतो, हे त्यात गृहीत होते.

‘मंडळी’ ह्या शब्दाने हे सारे एकत्र धरून ठेवले आहे. मराठी ख्रिस्ती लोकांनी ‘एक्लेसिया’साठी इमारतीचा शब्द न घेता माणसांचा शब्द घेतला. घरातली मंडळी, गावची मंडळी. जुन्या वळणाचा नवरा बायकोविषयी परक्याशी बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणतो, तोच हा शब्द. अशी मंडळी जेव्हा दफनाला जमते, तेव्हा प्रत्येक जण कबरेत मूठभर माती टाकतो. आणि येथे लौकिक मराठी पुन्हा आडवी येते. ‘मूठमाती देणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा कायमचा शेवट करणे. रूढीला मूठमाती देतात, भांडणाला देतात. ती पुन्हा उकरून निघू नये हीच इच्छा त्यात असते. पौलाने मात्र मातीत ठेवण्यासाठी पेरण्याचे क्रियापद वापरले आहे. जर्मन भाषेत दफनभूमीला ‘गोटेसआकर’, म्हणजे देवाचे शेत, असे जुने नाव आहे. हेर्नहूट येथील मोरेव्हियन मंडळीचे तरुण १७३२ साली ईस्टरच्या पहाटे अशाच शेतात गात जमले, आणि सूर्योदयाच्या उपासनेची प्रथा तेथून पसरली. महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांतही ईस्टरची उपासना पहाटे होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि त्याच्या आसपासच्या गावांतील मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेतकरीच अधिक. मूठभर बी आणि मूठभर माती ह्यांतला फरक त्यांना कोशात पाहावा लागत नाही. एप्रिलच्या उन्हाआधीच्या त्या गारव्यात घरातली मोठी माणसे मुलांना हाक मारतात : ऊठ, उपासनेला जायचे आहे.